काळोखाचा राजा आणि साबणाचे फुगे

पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर काय काय असावं याची चर्चा चालली होती. शॅरन ऑस्बर्नच्या मनात साबणाचे फुगे सोडणारं यंत्र होतं. तिचा नवरा, हेवी मेटल गायक ओझी ऑस्बर्न, याचा जीव तिथेच अर्धा झाला. फुगे? अगं शॅरन, मी ओझी ऑस्बर्न आहे, काळोखाचा राजा म्हणतात मला, आणि माझ्या मागून फुगे? वाक्यात मधे मधे ज्या शिव्या होत्या, त्यांवर एमटीव्हीनं ‘पीप’चा आवाज चढवला. ‘द ऑस्बर्न्स’ या त्यांच्याच घरात चित्रित होणाऱ्या मालिकेतला हा प्रसंग. ज्या माणसानं २० जानेवारी १९८२ रोजी डे मॉइन शहरात भर कार्यक्रमात वटवाघळाचं डोकं चावलं होतं (रबराचं असेल असं त्याला वाटलं, आणि मग रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली), तो बायकोपुढे फुग्यांवरून गयावया करत होता. लोक हसून लोळले.

आज रॉक संगीतातली माणसं मुलाबाळांना शेजारी बसवून माइकसमोर गप्पा मारतात. जुन्या दौऱ्यांचे किस्से, सकाळची बातमी, घरातली भांडणं, सगळं एकाच तासात. त्याचं मूळ कुणी पॉडकास्टमध्ये शोधतं, कुणी २००२ च्या या मालिकेत. मला ते आणखी पन्नास वर्षं मागे दिसतं. आणि गंमत म्हणजे तिथेही एक ओझीच बसलेला आहे.

ओझी नेल्सन अमेरिकेतला वाद्यवृंदप्रमुख, आणि बायको हॅरिएट त्याच वाद्यवृंदाची गायिका. १९४४ मध्ये त्यांनी रेडिओवर स्वतःच्याच संसाराची विनोदी मालिका सुरू केली. सुरुवातीला मुलांची कामं बालनट करत. १९४९ पासून डेव्हिड आणि रिकी हे खरे मुलगेच आपापल्या भूमिकेत आले. १९५२ मध्ये मालिका टीव्हीवर गेली आणि १९६६ पर्यंत चालली. सेटवरचं घर त्यांच्या हॉलीवूडमधल्या खऱ्या घरासारखंच बांधलेलं. खोटं होतं ते वेगळंच: पडद्यावरचे वडील कामाला कुठे जातात हे कधी कळतच नसे. प्रत्यक्षात हा गृहस्थ मालिका लिहीत होता, दिग्दर्शित करत होता, निर्माताही तोच होता. दिवसभर घरात रेंगाळणारा बाप साकारायला तो दिवसभर राबत होता.

एप्रिल १९५७ मधल्या एका भागात धाकट्या रिकीनं गिटार घेऊन फॅट्स डॉमिनोचं ‘आय एम वॉकिन’ म्हटलं. त्याच्या मैत्रिणीला एल्व्हिस फार आवडायचा म्हणून यानं हट्टाला पेटून रेकॉर्ड काढायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बिलबोर्डनं ‘हॉट १००’ ही यादी सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्याच अंकात पहिल्या क्रमांकावर रिकी नेल्सनचं ‘पुअर लिटल फूल’ होतं. एल्व्हिसच्या कमरेला घाबरलेल्या आईबापांना हा रॉक अँड रोल चालला. बाप शेजारीच बसलेला दिसत होता ना!

एल्व्हिसच्या वाट्याला मात्र विनोद आला तो टवाळीच्या रूपात. १ जुलै १९५६ रोजी स्टीव्ह ॲलननं आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्याला टेलकोट चढवला आणि एका बॅसेट जातीच्या कुत्र्यासमोर उभं करून ‘हाउंड डॉग’ म्हणायला लावलं. तो निमूटपणे म्हणाला. कोण कुणाला हसतंय याबद्दल शंकेला जागाच नव्हती. स्टुडिओ त्यांचा, माइक त्यांचा, कुत्राही त्यांचाच.

हे उलटवलं लिव्हरपूलच्या चौघांनी. ६ जून १९६२ ला बीटल्स लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत चाचणीला गेले. निर्माता जॉर्ज मार्टिननं त्यांच्या खटारा ॲम्प्लिफायरवर, वाजवण्यावर बराच वेळ तासलं. पोरं गप्प. शेवटी तो म्हणाला, मी इतकं बोललो, आता तुम्हाला काही खटकत असेल तर सांगा. जॉर्ज हॅरिसननं त्याच्याकडे नीट बघून उत्तर दिलं, ‘तुमचा टाय मला आवडला नाही.’ आणि मग चौघांचा जो फड रंगला त्यानं वरच्या खोलीतले लोक हसून बेजार झाले. मार्टिनला गाणी तेव्हा काही विशेष वाटली नव्हती, माणसं आवडली. यात योगायोगाचा भाग मोठा आहे. मार्टिन त्याआधी पीटर सेलर्ससारख्या विनोदवीरांच्या रेकॉर्ड काढत होता आणि बीटल्समधला जॉन लेनन तर सेलर्सच्या ‘गून शो’ या विनोदी रेडिओ कार्यक्रमावर वाढलेला. दुसऱ्या एखाद्या कडक साहेबासमोर हाच टाय महागात पडला असता.

७ फेब्रुवारी १९६४. न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या पत्रकार परिषद. जमलेल्या बातमीदारांना ही केसाळ पोरं म्हणजे आयतं गिऱ्हाईक वाटलं होतं. गाऊन दाखवाल का? आधी पैसे. केस कापणार का? हॅरिसन म्हणाला, कालच कापले. बीथोव्हेनबद्दल काय मत? रिंगो म्हणाला, थोर माणूस, विशेषतः त्याच्या कविता. ही उत्तरं आज वाचताना काही फार मोठी कोटी केल्यासारखी वाटत नाहीत. बातमीदार आपल्याला मूर्खात काढायला आलेत हे ओळखून चौघंही आधीच मूर्ख बनून बसले, मग टोचणार कुठे? खरा डाव तो होता. दोन दिवसांनी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बॉब डिलनला विचारलं, तुम्ही स्वतःला गायक समजता की कवी? तो म्हणाला, मी आपला नाचगाण्यावाला. चुळबुळत, सिगारेट ओढत दिलेलं हे उत्तर बीटल्सच्या उत्तरांपेक्षा जास्त तिरकस आहे.

थट्टेला किती लांबचे कान असतात हे लेननला १९६६ मध्ये कळलं. मार्चमध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मधल्या मुलाखतीत, घरात पुस्तकांच्या आणि खेळण्यांच्या पसाऱ्यात गप्पा मारताना, तो बोलून गेला की आम्ही आता येशूपेक्षा लोकप्रिय आहोत. इंग्लंडमध्ये कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ‘डेटबुक’ मासिकानं तेच वाक्य छापलं आणि दक्षिणेत रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांसमोर तोच लेनन चाचरत खुलासा करत होता. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सचा दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम झाला. दौरे थांबण्याला कारणं आणखीही होती, पण हसत हसत बोलायचा जमाना त्या उन्हाळ्यात आटपला एवढं खरं.

नंतर लेनननं विदूषकपण उघडपणे अंगावर घेतलं. लग्नानंतर मार्च १९६९ मध्ये योको ओनोबरोबर ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात आठवडाभर पलंगावर बसून त्यानं युद्धविरोधी मुलाखती दिल्या. फेब्रुवारी १९७२ मध्ये तर दोघं ‘द माइक डग्लस शो’ या दुपारच्या घरगुती कार्यक्रमाचे आठवडाभराचे सहयजमान झाले. चक बेरी आला, विनोदवीर जॉर्ज कार्लिन आला आणि त्यांच्याच रांगेत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाचा बॉबी सील येऊन बसला. गाणं, राजकारण आणि नवराबायको, तिन्ही गोष्टी एका सोफ्यावर. आजच्या गप्पांच्या कार्यक्रमांचा आराखडा जवळपास तिथेच तयार झालेला दिसतो.

पंकवाल्यांना सोफा नको होता. १ डिसेंबर १९७६ रोजी क्वीन या गटानं ऐनवेळी नकार दिल्यामुळे सेक्स पिस्टल्स या पंक रॉक गटाला थेम्स टेलिव्हिजनवर संध्याकाळच्या कार्यक्रमात बोलावलं. यजमान बिल ग्रंडीनं त्यांना डिवचलं, आणखी काहीतरी भयंकर बोला म्हणाला. ते बोलले. दुसऱ्या दिवशी ‘डेली मिरर’नं पहिल्या पानावर आग ओकली. ग्रंडीची कारकीर्द त्या दोन-तीन मिनिटांतून फारशी सावरली नाही, आणि पिस्टल्सचं नाव घरोघरी गेलं. विनोद म्हणून मला हा प्रसंग फिकाच वाटतो. त्यातला एक गिटारवाला, स्टीव्ह जोन्स, पुढे २००४ पासून लॉस एंजेलिसमध्ये रेडिओवर निवांत गप्पा मारत गाणी लावू लागला. शिट्ट्या वाजवत, मधेच गिटार छेडत, ढेकरसुद्धा न लपवता. त्याची खरी जागा ती होती.

आतापर्यंत घर पार्श्वभूमीलाच होतं. ते पुढे आलं रॉक संगीतकार फ्रँक झॅपाच्या दाराखालून. झॅपा घरातल्या स्टुडिओत रात्ररात्र काम करायचा, दिवसा झोपायचा. मुलीला, मून युनिटला, बाप घरात असून भेटत नव्हता. तेरा वर्षांच्या त्या पोरीनं चिठ्ठी लिहिली: माझं नाव मून, वय तेरा, तुमच्या कामात मी आजवर आले नाही, पण तुमच्या रेकॉर्डवर मला गायचं आहे. आणि चिठ्ठी स्टुडिओच्या दाराखालून सरकवली. बापाला स्वतःची ओळख करून दिली तिनं! एका रात्री झॅपानं तिला झोपेतून उठवलं आणि सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या मुलींची ती ज्या ठसक्यात नक्कल करायची, ती रेकॉर्ड केली. १९८२ च्या ‘व्हॅली गर्ल’मध्ये मधे मधे गाणं आहे, बाकी ती बडबडच आहे. अमेरिकेत पहिल्या चाळिसात गेलेलं झॅपाचं हे एकमेव गाणं. आयुष्यभर ज्यानं अवघड सुरावटी रचल्या, त्याला लेकीची नक्कल फळली. गाणं विनोदी आहेच, पण त्या चिठ्ठीनंतर ते ऐकलं की हसू थोडं अडकतं.

घर आणि चालू घडामोडी थेट आमनेसामने आल्या १९ सप्टेंबर १९८५ रोजी, अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीसमोर. सुरुवात अर्थात घरातच झाली होती. टिपर गोर यांनी मुलीसाठी प्रिन्सचा ‘पर्पल रेन’ हा अल्बम आणला, त्यातल्या ‘डार्लिंग निकी’चे शब्द ऐकून त्या हादरल्या, आणि वजनदार राजकारण्यांच्या बायकांनी मिळून अल्बमवर इशारा छापावा अशी मोहीम उघडली. साक्षीला तिघे संगीतकार होते. झॅपा सूट घालून आला आणि म्हणाला, ही मागणी म्हणजे कोंड्यावर उपाय म्हणून मुंडकं उडवण्यासारखी आहे. जॉन डेन्व्हर हा सज्जन लोकगायक त्यांच्या बाजूनं बोलेल असं काहींना वाटलं होतं, तोही विरोधातच बोलला.

तिसरा ट्विस्टेड सिस्टर या हेवी मेटल गटाचा डी स्नायडर. पिंजारलेले सोनेरी केस, बिनबाह्यांचं जाकीट, आणि मागच्या खिशातून काढलेला घडी घातलेला कागद. हा आता काहीतरी तमाशा करणार म्हणून कॅमेरे सरसावले. त्यानं वाचायला सुरुवात केली: माझं लग्न झालंय, तीन वर्षांचा मुलगा आहे, मी ख्रिस्ती आहे, दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांना शिवत नाही. ज्या गाण्यात हिंसा दिसली असं म्हणता, ते गिटारवाल्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेवर लिहिलंय. टिपर यांचे पती सिनेटर अल गोर समितीत होतेच. त्यांनी विचारलं, तुमच्या चाहत्यांच्या मंडळाचं नाव ‘एसएमएफ’, त्याचा अर्थ काय? स्नायडरनं तो सांगितला. त्यात एक कडक शिवी होती. गोर यांनी विचारलं, हेही ख्रिस्ती मंडळच का? स्नायडर शांतपणे म्हणाला, शिव्यांचा आणि धर्माचा संबंध आहे असं मला वाटत नाही. हे सगळं सिनेटच्या इतिवृत्तात छापलेलं आहे. इतका चांगला संवाद लिहायला विनोदी लेखकाला महिना लागला असता. इशाऱ्याचा शिक्का काही टळला नाही, पण रॉकवाल्याच्या बोलण्याला एक नवी युक्ती सापडली. भीतीदायक वेश आणि त्यातून निघणारा बालवाडीतल्या पोराचा बाप.

याच सुमारास, १९८४ मध्ये, रॉब रायनरचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ आला. एका काल्पनिक गटाचा खोटा माहितीपट, बहुतेक संवाद नटांनी जागच्या जागी रचलेले. त्यात स्टोनहेंजचा, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाचा, देखावा मोजमापाच्या गोंधळात अठरा इंची होऊन स्टेजवर येतो. ओझी ऑस्बर्न ज्याचा गायक होता, पण ज्यानं त्याला केव्हाच बाहेर काढलं होतं, त्या ब्लॅक सॅबथ गटानं १९८३ च्या दौऱ्यात खरोखरच स्टोनहेंज उभारलं होतं, आणि गीझर बटलरच्या सांगण्यानुसार तिथे फुटांचे मीटर झाले! दगड इतके मोठे झाले की कित्येक सभागृहांत मावेनात. सिनेमात छोटं, वास्तवात अगडबंब. या सिनेमानंतर रॉकवाल्यांना स्वतःकडे गंभीरपणे बघणं अवघड झालं. आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगावी हे शहाणपण त्या पिढीत आलं, ते मुख्यतः इथूनच, असं माझं मत आहे.

भांडणसुद्धा विकलं जातं हे ओॲसिस या ब्रिटिश गटातल्या भावांनी दाखवलं, तेही न ठरवता. फेब्रुवारी १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या बोटीवर मारामारी करून लिअम गॅलाघर आणि इतर मंडळी पकडली गेली, परत पाठवली गेली. थोरला नोएल तेवढा सुटला. एप्रिलमध्ये एका पत्रकारासमोर मुलाखतीचा विषय तिकडे वळला. लिअम म्हणतो, हाच तर रॉक अँड रोल. नोएल म्हणतो, ही फुटबॉलमधली गुंडगिरी, आपण इथे गाणी वाजवायला आलोय. मग दोघं जे जुंपले ते जुंपलेच. पत्रकार बिचारा टेप फिरवत बसला. दुसऱ्या वर्षी एका छोट्या कंपनीनं ही चौदा मिनिटांची बाचाबाची सीडी म्हणून काढली आणि ती ब्रिटनच्या यादीत ५२ व्या क्रमांकावर गेली. गाणं नाही, चाल नाही, दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेत एवढंच. ऐकणाऱ्यांना त्यात आपल्या घरचीच जेवणाच्या टेबलावरची भांडणं ऐकू आली असणार. घरोघरी मातीच्या चुली.

एवढी सगळी तयारी झाल्यावर ५ मार्च २००२ रोजी ‘द ऑस्बर्न्स’ आली. एमटीव्हीच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात या कुटुंबाचं घर आधी दाखवलं होतं, ते लोकांना आवडलं आणि मग कॅमेरे तिथे मुक्कामालाच गेले. मालिकेची नामावली मुद्दाम १९५० च्या दशकातल्या कौटुंबिक मालिकांच्या थाटाची होती. ओझी म्हणजे ‘बाबा’, शॅरन म्हणजे ‘आई’, आणि ओझीचंच ‘क्रेझी ट्रेन’ हे गाणं जुन्या जमान्यातल्या गुळगुळीत गायकीत. ओझी नेल्सनच्या घराला केलेला हा नमस्कार होता, डोळा मारून केलेला.

फरक एवढाच की इथे कुत्री गालिच्यावर घाण करत होती आणि साफ कुणी करायची यावरून वाद होता. ओझी टीव्हीच्या रिमोटपुढे हतबल होऊन म्हणतो, टीव्ही लावायला आता कॉम्प्युटर यावा लागतो. शेजारी रात्री मोठ्यानं गाणी लावतात म्हणून वैतागलेली शॅरन कुंपणापलीकडे शिजवलेलं मांस भिरकावते. मोठ्या आवाजाची तक्रार, आणि ती हेवी मेटलच्या घरातून! सतरा वर्षांची केली आणि सोळा वर्षांचा जॅक यांना बापाच्या कीर्तीचं काडीचं कौतुक नव्हतं. ‘गावभर गाजे, घरचे म्हणती ढ’ या न्यायानं चालणारं ते घर होतं, आणि गाव तेच बघायला जमत होतं. त्या वर्षी मालिकेला एमी पुरस्कार मिळाला. व्हाइट हाउसच्या पत्रकारांच्या वार्षिक भोजनात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ओझीच्या भयानक नावांच्या गाण्यांची यादी वाचली आणि म्हणाले, ओझी, माझ्या आईला तुझी गाणी फार आवडतात. ओझी खुर्चीवर चढून हात उंचावत होता.

मग जुलै २००२ मध्ये शॅरनला कर्करोग असल्याचं कळलं. कॅमेरे थांबले नाहीत. त्यांना थांबवायचं नाही हे शॅरननंच ठरवलं. पुढच्या भागांत ओझीचं तोल जाणं, मुलांची तगमग, मधूनच कुणीतरी मारलेला पाचकळ विनोद, सगळं एकत्र येतं. कौटुंबिक विनोदाचा खरा कस इथे लागला, आणि मालिका काही वेळा त्यात कमीही पडली, असं मी म्हणेन. २००५ मध्ये ती संपली.

तोवर माइक संगीतकारांच्या हातात आलाच होता. ब्लॅक फ्लॅग या पंक गटाचा हेन्री रॉलिन्स ऐंशीच्या दशकापासून नुसतं बोलण्याचे कार्यक्रम करत होता. रॉक गायक ॲलिस कूपर २००४ पासून रात्रीचा रेडिओ कार्यक्रम करू लागला. २००६ मध्ये साक्षात डिलन रेडिओ निवेदक झाला. हवामान, आई, बाप असे विषय घेऊन गाणी लावायचा आणि मधे कोरड्या चेहऱ्यानं कोट्या करायचा. ब्रूस स्प्रिंगस्टीननं ब्रॉडवेवरच्या प्रयोगात कबूल करून टाकलं की कामगारांवर इतकी गाणी लिहिली, पण आठवड्याचे पाच दिवस काम करण्याची ही पहिलीच वेळ. आणि २०१८ मध्ये ऑस्बर्न मंडळी पॉडकास्ट घेऊन परत आली. मधे खंड पडला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू. आता कॅमेरा दारातून डोकावत नव्हता. मुलं प्रश्न विचारत, ओझी अर्धं ऐकून तिसरंच उत्तर देई, पार्किन्सनच्या आजारावरही थट्टा होई. जुलै २०२४ मध्ये तो ब्रिटनी स्पीअर्सच्या नाचाच्या व्हिडिओंना कंटाळलो म्हणाला, ती चिडली, आणि १९६६ च्या लेननसारखी घरातल्या टेबलावरची गोष्ट जगभर फिरली. फक्त या वेळी फिरायला पाच महिने लागले नाहीत.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ओझी काळ्या सिंहासनावर बसून शेवटचं गायला. २२ जुलैला तो गेला.

त्या घरातली थोरली मुलगी एमी या साऱ्यात कुठेच नाही. कॅमेरे येणार म्हटल्यावर ती घर सोडून गेली होती. स्वतःचं आयुष्य मालिकेत नको एवढंच तिचं म्हणणं. पुढे तीही गाऊ लागली. तिच्या रेकॉर्डवर नाव असतं ‘एआरओ’, एमी रेचल ऑस्बर्नची आद्याक्षरं. आडनावाचं त्यात एकच अक्षर आहे, शेवटचं.